गोमेकॉ, दोनापावला की सडा? वैद्यक-संशोधनासाठी गोव्यात येणाऱ्यांनी सुरुवात कशी करावी

समुद्रकिनारा डोळ्यांपुढे ठेवून गोव्यात नोकरी धरणारे दुसऱ्या पावसाळ्यात परतीची भाषा बोलू लागतात. टिकतात ते वेगळा हिशेब करून आलेले. तो हिशेब असा : पणजी महापालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत जेमतेम 40 हजार, पण ताळगाव, सांताक्रूझ, मेरशी, बांबोळी, पर्वरी हा सगळा पट्टा धरला की एक मध्यम शहर उभे राहते. या शहरात गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्थानिक वर्तमानपत्रे आणि लोक त्याला 'गोमेकॉ' म्हणतात. मूळ संस्था 1842 ची. त्याच बांबोळीत दंत महाविद्यालय आणि मानसोपचाराची संस्था. पठारावरून पुढे ताळगावला गोवा विद्यापीठ आणि पठार उतरताना दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, 1966 ची. या सगळ्यांत एकमेकांपासून दुचाकीवर अर्ध्या तासाहून लांब काही नाही. जुवारी नदी ओलांडली की झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर, आणि वास्कोच्या हेडलँड सड्यावर अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालवणारे ध्रुवीय संशोधन केंद्र. सकाळी ओपीडी करून दुपारी समुद्री जिवाणूंवर काम करणाऱ्या माणसाशी समोरासमोर बसून बोलणे मुंबईत एक अख्खा दिवस खाते. इथे ते जेवणाच्या सुटीनंतर उरकते.

दुसरे आकर्षण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. संशोधनात अंश सगळ्यांकडे असतो, छेद कोणाकडेच नसतो. तुमच्या वॉर्डात अमुक आजाराचे 60 रुग्ण आले, पण कितीपैकी? पुण्यात या प्रश्नाला उत्तर नाही, कारण रुग्ण चाळीस इस्पितळांत विखुरलेला असतो. गोव्याची लोकसंख्या 2011 मध्ये 14.58 लाख होती, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकच आहे, आणि गंभीर रुग्ण म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयातून शेवटी बांबोळीलाच पाठवला जातो. हृदयविकाराच्या झटक्यासाठीची 'स्टेमी गोवा' योजना याच रचनेवर उभी आहे : बाहेरच्या केंद्रात ईसीजी, निर्णय गोमेकॉत. पर्वरीच्या संगाथ संस्थेने प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशकांकरवी नैराश्यावर उपचार करून पाहिले, तेही गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत मिळून 24 ठिकाणी. 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले.

छेद हातात आहे, पण तो गळतो

नवा निवासी डॉक्टर प्रबंधासाठी पहिली चूक इथेच करतो. गोमेकॉत आलेला प्रत्येक रुग्ण गोव्याचा धरतो आणि 14.58 लाखांनी भागतो. प्रत्यक्षात सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, कारवार, खानापूर इथून माणसे रोज येतात. शिवाय पर्यटक, आणि बांधकामावर किंवा ट्रॉलरवर असलेले परराज्यातले कामगार. म्हणून माहितीच्या अर्जात पहिल्या दिवसापासून चार रकाने ठेवा : सध्याच्या पत्त्याचा पिनकोड, तालुका, कायमचे गाव, आणि गोव्यात किती महिने राहतो. पिनकोडने पहिली चाळणी लगेच होते. गोवा 403 ने सुरू होतो, सिंधुदुर्ग 416 ने, कारवार 581 ने, खानापूर 591 ने. सहा महिन्यांहून कमी राहिलेला माणूस छेदात धरायचा की नाही, हे आधी लिहून ठेवा. निकाल बघून ठरवलेत तर परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवेल.

गावांची नावे ही वेगळीच डोकेदुखी आहे. इंग्रजी स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे, उच्चार कोकणी. कागदावर 'सँक्वेलिम' वाचाल ती साखळी, 'बिचोलिम' ती डिचोली, 'क्वेपेम' म्हणजे केपे, 'कोर्टालिम' म्हणजे कुठ्ठाळी. एकाच तक्त्यात साखळी आणि सँक्वेलिम ही दोन वेगळी गावे म्हणून मोजली जातात, आणि सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात एकाच नावाची दोन गावे : नागवे बार्देशात हडफड्याजवळही आहे आणि सासष्टीत वेर्ण्याजवळही. उपाय साधा आहे. गाव हाताने टाइप करू देऊ नका. तालुका आधी निवडला की त्याच तालुक्यातली गावे पुढे येतील अशी यादी करा. नाईक, गावडे, फर्नांडिस ही आडनावे इतकी पसरलेली आहेत की नाव आणि वय जुळले म्हणजे रुग्ण तोच, असे समजू नये. पत्त्यात घर क्रमांक आणि वाडा दोन्ही घ्या.

जुन्या आकड्यांशी तुलना करणार असाल तर जिल्हा हा एकक टाळा. फोंडा तालुका 2015 मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. त्याआधीचे 'उत्तर गोवा' आणि नंतरचे 'उत्तर गोवा' हे दोन वेगळे प्रदेश आहेत. तालुकावार हिशेब ठेवा, आणि त्यातही धारबांदोडा हा तालुका वेगळा काढलेला आहे हे विसरू नका.

नमुना किती घ्यायचा? साध्या व्यापकता-अभ्यासाचे (आजार किती जणांत आहे एवढेच मोजणाऱ्या) गणित : आजार अंदाजे 10 टक्के लोकांत आहे आणि उत्तर 3 टक्क्यांच्या आतबाहेर हवे, तर 3.84 (95 टक्के खात्रीसाठीच्या 1.96 चा वर्ग) × 0.10 × 0.90 ÷ 0.0009, म्हणजे 384. दहा टक्के लोक नकार देतील असे धरून 427. हा आकडा सुटी-सुटी माणसे निवडलीत तरच चालतो. वाडावार किंवा आरोग्य केंद्रावार निवड केली तर डिझाइन इफेक्टने, म्हणजे एका गटातली माणसे एकमेकांसारखी असल्याची भरपाई करणाऱ्या आकड्याने, गुणावे लागते, तो 1.5 धरला तरी 641 होतात. प्रबंधाला दोन वर्षे असतात आणि त्यातले पहिले सहा महिने एथिक्स समितीच्या पायऱ्यांवर जातात, तेव्हा विषय निवडताना हा शेवटचा आकडा समोर ठेवा.

कोकणी कानाला सवय करून घ्या

मराठी माणसाला वाटते, कोकणी समजते. ऐंशी टक्के समजते, आणि उरलेली वीस टक्के नेमकी ओपीडीत नडतात. रुग्ण म्हणतो 'हड्डें दुखता'. विदर्भातून आलेला इंटर्न हाड समजून ऑर्थोची चिठ्ठी लिहू लागतो. हड्डें म्हणजे छाती. आधी ईसीजी काढा. 'काल रातीं जोर आयलो' म्हणजे अंगात बळ आले नव्हे, ताप आला. तकली म्हणजे डोके, फाट म्हणजे पाठ, गोमटी म्हणजे मान, खोंकली म्हणजे खोकला, घुंवळ म्हणजे चक्कर, वखद म्हणजे औषध. 'शीत जेवूंक ना' यात थंडीचा संबंध नाही. भात खाल्लेला नाही एवढेच.

उपाशीपोटी रक्त घेताना 'काही खाल्लंय का?' एवढे विचारून भागत नाही. सकाळचा चहा-पाव आणि दहा-अकराची पेज अनेकांच्या लेखी 'खाणे' नसतेच. 'चा घेतला? पेज जेवलात?' असे नाव घेऊन विचारा. फास्टिंग शुगर विनाकारण चढलेली दिसली तर औषध वाढवण्याआधी हा प्रश्न पुन्हा विचारा. बोलताना 'बाब' आणि 'बाय' ही संबोधने बहुतेक ठिकाणी चालतात, ख्रिस्ती ज्येष्ठांना 'अंकल-आंटी' अधिक रुळलेले. 'दोतोर' म्हणून हाक आली तर ती तुम्हालाच आहे.

संमतिपत्राचेही असेच. देवनागरी कोकणी आणि मराठी मसुदा केला की काम झाले असे समजू नका. सासष्टी-बार्देशातले बरेच ख्रिस्ती ज्येष्ठ कोकणी वाचतात ती रोमी लिपीत. रोमी, देवनागरी कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि कामगार वस्त्यांत जायचे असेल तर कन्नड, असे सगळे मसुदे एथिक्स समितीकडे एकाच वेळी द्या. नंतर एकेक जोडत बसलात तर प्रत्येक जोडणीला पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागते. उलट भाषांतर (मसुदा पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहणे) मूळ भाषांतरकाराकडून करून घेऊ नका. उपचार-चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी हवी. मागाहून चालत नाही.

कागद, आणि कोणत्या क्रमाने

डॉक्टरांनी आधीच्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलची एनओसी तिथे असतानाच मागावी, गोव्यात आल्यावर नव्हे. ती, पदवी आणि इंटर्नशिपची प्रमाणपत्रे घेऊन गोवा मेडिकल कौन्सिलकडे अर्ज. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत स्वतःच्या नावाने प्रिस्क्रिप्शन लिहू नका. अडते ते बहुधा नावावर : पदवीवर वडिलांचे मधले नाव, आधारवर नवऱ्याचे, पासपोर्टवर मधले नावच नाही. प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

नोकरीकडे डोळे उघडे ठेवून पाहा. गोवा सरकारच्या कायम पदांच्या जाहिरातींत साधारणपणे 15 वर्षांच्या निवासाचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागतात. मराठी 'असल्यास इष्ट' या रकान्यात. काही पदांना अट शिथिल होते, पण त्या भरवशावर घर विकत घेऊ नये. बाहेरून येणाऱ्यासाठी सीनियर रेसिडेंट, प्रकल्पावरची पदे, केंद्रीय संस्था आणि खासगी इस्पितळे हे खरे दरवाजे. आणि एक कटू गोष्ट : दुर्मीळ शस्त्रक्रियांची संख्या इथे महानगरापेक्षा कमीच असणार. हात बसवायचा काळ असेल तर आधी मोठ्या शहरात बसवून या.

पीएचडीसाठी एनआयओत नेट-जेआरएफ या राष्ट्रीय पाठ्यवृत्तीवर येणाऱ्यांची नोंदणी अ‍ॅक्सिर (सीएसआयआरची संशोधन अकादमी) किंवा विद्यापीठामार्फत होते. जेआरएफ 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, अधिक घरभाडे. इथे एक बारीक मेख आहे. केंद्राच्या घरभाडे भत्त्यात गोव्याला खास आदेशाने 'वाय' श्रेणीचा दर आहे. काही ठिकाणचा लेखा विभाग सवयीने सर्वात खालच्या 'झेड' दराने बिल करतो. 'वाय'चे 20 टक्के म्हणजे 7,400 आणि 'झेड'चे 10 टक्के म्हणजे 3,700. फरक थोडका नाही. रुजू होताना कोणती टक्केवारी लावली ते लेखी विचारा.

घर आणि गाडी

7,400 मध्ये पणजीत एकट्याला फ्लॅट मिळत नाही. दोघे-तिघे मिळून बघा. कळंगुट-बागा टाळाच, तिथला मालक ऑक्टोबरात पर्यटकासाठी घर रिकामे करायला सांगतो. सांताक्रूझ, मेरशी, ताळगाव, कदंब पठार हे भाग नोकरदारांचे आहेत. 11 महिन्यांचा करार, पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणी, आणि किल्ली घेण्याआधी विजेच्या बिलाची थकबाकी तपासणे, एवढे चुकवू नका. मे महिन्यात घर बघत असाल तर खिडक्यांच्या वरचा भाग आणि पश्चिमेची भिंत बघा. ताजा रंग फक्त तेवढ्याच भिंतीला असेल तर ती गळते.

बस दिवसा ठीक, रात्री आठनंतर विरळ, आणि ओला-उबर नाहीत. दुचाकी लागतेच. दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर फेरनोंदणी करावी लागते, तेव्हा आरटीओची एनओसीही येतानाच आणा.

पावसाळा आणि उपकरणे

वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरते ती याच चार महिन्यांत : आधी कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ, मग पूर्ण दृश्यात धूसरपणा. ती भिंगाचे लेपन खाते, त्यामुळे नंतर पुसून डाग जात नाही. न वापरायची ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगे) काढून हवाबंद डब्यात ठेवा. 20 लिटरच्या डब्याला 250 ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांवर हवा. जेलचा रंग बदलला की 120 अंशांवर दोन तास तापवा. रोजच्या सूक्ष्मदर्शकावर प्लॅस्टिकचे आवरण घालून तसेच ठेवू नका. आतली दमट हवा तिथेच कोंडते. सुती कापड घाला.

वादळी वाऱ्यात वीज क्षणभर जाते-येते. पीसीआर यंत्राला ते पुरते, 28 व्या चक्रावर प्लेट वाया. ऑनलाइन यूपीएस घ्या. एन्झाइम मागवताना पुरवठादाराला सोमवारीच माल सोडायला सांगा. गुरुवारी सुटलेले पार्सल शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात बसते आणि बर्फ वितळतो.

फेरतपासणीचे वेळापत्रक आखताना कॅलेंडर समोर ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यात कोणीही येणार नाही, उलट मुंबई-पुण्यातले गोंयकार गावी असतात, त्यामुळे घरोघरचे कौटुंबिक इतिहास घ्यायला तोच आठवडा उत्तम. फक्त दुपारी एक ते चार दार वाजवू नका. मच्छीमारांचे सर्वेक्षण 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत करा, तेव्हा स्थानिक मच्छीमार घरी सापडतात. ट्रॉलरवरचे परराज्यातले खलाशी मात्र त्या वेळी गावी गेलेले असतात. त्यांना गाठायचे तर ऑगस्टमध्ये पहाटे धक्क्यावर जावे लागते.