‘बाई, शास्त्रात काय सांगितलंय?’ असं कुणी विचारलं तर

संस्कृत शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न कुठेही गाठतो. मला तो नौपाड्यात, आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या तयारीत गाठला. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान गेलेत, त्यांना बोलवायचं का? मी तिळगूळ चघळत म्हटलं, "बोलवा की, शास्त्रात कुठे मनाई आहे!" संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मी धर्मबुडवी ठरले. रात्री एका पुरोगामी शेजाऱ्यांनी ऐकवलं, "तुम्हाला अजून पोथीची परवानगी लागते?" तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. तुम्हीही या पेचात सापडत असाल तर उपयोगी पडेल.

आधी विचारा, उत्तर कशासाठी हवंय? ज्याला घरात काही ठरवायचंय त्याला वेळ द्या. ज्याला ग्रुपवर कुणाचं तरी तोंड बंद करायचंय, त्याला चहा द्या.

मग म्हणा, "उद्या सांगते." पुस्तक उघडल्याशिवाय "शास्त्रात आहे" म्हणू नका आणि "नाही" तर मुळीच म्हणू नका. ‘नाही’ म्हणायला सगळं वाचलेलं असावं लागतं. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड निघायला १९३० ते १९६२ एवढा काळ लागला, आणि आपण जिन्यात उभ्याउभ्या निकाल देतो.

पुस्तक उघडलंत की वचन पूर्ण उतरवून घ्या, ग्रंथ-अध्याय-श्लोकासकट. आणि आपल्याला न आवडणारा अर्थ आधी सांगा. याचा नमुना म्हणून पराशरस्मृतीतला ४.३० हा श्लोक बघा: ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ’, म्हणजे नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो. विधवाविवाहासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालात याच श्लोकाचा आधार घेतला, आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी तो वाद लढवला. विरोधक म्हणाले, ‘पति’ची सप्तमी ‘पत्यौ’, ‘पतौ’ कुठली? तेव्हा वाचायचं ‘पतितेऽपतौ’, म्हणजे जो अजून नवरा झालेलाच नाही, नुसता वाङ्‌निश्चय झालाय, तो. सगळा खेळ एका अवग्रहाचा, म्हणजे गाळलेला ‘अ’ दाखवणाऱ्या ‘ऽ’ या खुणेचा, जी कानाला ऐकूही येत नाही! आणि खरं सांगायचं तर व्याकरण त्यांच्या बाजूचं आहे. हे आधी कबूल करा. मग नारदस्मृती उघडा. तिथे हाच श्लोक आहे आणि लगेच पुढे परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट किती बघायची ते दिलंय. ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षं, मूल झालेलं नसेल तर चार. नुसत्या ठरलेल्या नवऱ्याच्या बाबतीत मूल झालंय की नाही, याची चौकशी कशाला?

हे सांगितलं की काही मंडळी ग्रुप सोडतात. सोडू द्या.

शेवटचं काम अवघड. ग्रंथ काय म्हणतो आणि तुम्हाला काय वाटतं, हे एका वाक्यात कालवू नका. मी एका कागदावर दोन ओळी लिहिते, ‘वचन’ आणि ‘माझं मत’, आणि दोन्हींखाली सही करते. दोन्हीकडचे लोक रागावतील, ते धरूनच चाला. रा. गो. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला, तेव्हा सनातनी संतापले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहापायी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तर सुधारकच नाराज. आपण कोण लागून गेलो!

पुढच्या संक्रांतीला माझा कागद लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागला. वचन: मी पाहिलेल्या ग्रंथांत हळदीकुंकवाबद्दल काही नाही, ही रूढी. माझं मत: बोलवा. खाली कुणीतरी पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मी पुसलं नाही.

काकू आल्या. वाण प्लास्टिकच्या डब्याचं होतं. झाकण नीट बसत नाही, अशी तक्रार त्यांनी रात्रीच ग्रुपवर टाकली, फोटोसकट.