आयरिश शिकताय? आधी 'ब्यान' पाठ करा

आयरिश नामं शिकताना पाठ्यपुस्तकं साधारणपणे सरळ चालणाऱ्या शब्दांपासून सुरुवात करतात. माझ्याकडे कुणी नवखं विचारायला आलं की मी उलट सांगते. 'ब्यान', म्हणजे बाई, हे आडमुठं नाम आधी घ्या. या एका शब्दात निम्मं व्याकरण हाती लागतं.

स्पेलिंग बी-ई-ए-एन. शब्दाआधी 'अन' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखं) आलं की 'बी'पुढे 'एच' येतो आणि 'अन व्यान' होतं, कारण नाम स्त्रीलिंगी. षष्ठीचं एकवचन 'म्ना', आणि 'बायका' हे अनेकवचनही 'म्ना'च. 'हाटा ना म्ना' म्हणजे त्या बाईची टोपी; इथलं 'ना' हे 'अन'चंच रूप. नुसतं 'ना म्ना' म्हणजे त्या बायका. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट आणि उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात हेच 'म्रा' असं ऐकू येईल, दचकू नका. आयर्लंडमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावरही 'म्ना' हाच शब्द असतो. पुरुषांचं दार 'फिर', त्यामुळे इंग्रजी आद्याक्षरं बघून आत शिरू नका!

षष्ठीचं अनेकवचन 'बन'. उपपदानंतर त्याच्या आधी 'एम' येऊन बसतो आणि 'बी' मुका होतो: 'ना मन'. १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या 'कुमन ना मन' या स्त्रियांच्या संघटनेच्या नावात हेच रूप आहे. कोशात मात्र शोधायचं ते 'बी'खालीच. शब्दाचं शेपूट बदलणं आपल्याला सामान्यरूपामुळे अंगवळणी पडलेलं असतं; इथे तोंडही बदलतं, तिथे जास्त वेळ द्या.

'ब्यान'चं 'म्ना' कसं झालं, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. संस्कृत, इंग्रजी आणि आयरिश यांची पूर्वज भाषा म्हणजे इंडो-युरोपीय; तिच्यातल्या मूळ शब्दातला 'ग्व' आयरिशच्या केल्टिक शाखेत 'ब' झाला. षष्ठीत मधला स्वर नव्हताच, म्हणून 'ब्ना', आणि त्याचं पुढे 'म्ना'. ऋग्वेदात देवपत्नींना 'ग्ना' म्हटलंय, तो याच मुळाचा शब्द. इंग्रजी 'क्वीन'ही त्याच घरातली. 'जननी' मात्र यात ओढू नका, तिचा धातू वेगळा.

वहीत नाम कधी एकटं लिहू नका. उपपद आणि षष्ठी सोबत हवीच. 'ब्यान' पक्की झाली की 'कलीन' घ्या. अर्थ मुलगी, पण व्याकरणात पुल्लिंगी, म्हणून 'अन कलीन'मध्ये काहीच बदलत नाही. सर्वनाम तेवढं स्त्रीलिंगी, 'शी'. 'ते पोरगं' म्हणणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये.