रिपोझिशनिंग क्रूझ: केबिन कशी बघायची, अपग्रेड कधी मागायचं

रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसले, त्यातली शेवटची अकरा कल्याणला. रिकामी बर्थ कुठे असेल हे शोधायची सवय अंगात मुरलेली आहे. निवृत्तीनंतर मुलीकडे फ्लोरिडाला जायचं ठरलं, तेव्हा तीच म्हणाली, "आई, युरोप बघा आणि तिथून जहाजानं या." बार्सिलोना ते फोर्ट लॉडरडेल, नोव्हेंबरात, चौदा रात्री. तेव्हापासून मी आणि हे, आम्ही तीनदा असा अटलांटिक ओलांडला.

मुंबई विमानतळावर माणसं सोडून पुण्याला परतणारा टॅक्सीवाला कमी भाड्यात प्रवासी घेतो, तसाच हा रिपोझिशनिंग क्रूझचा, म्हणजे हंगाम बदलताना दुसऱ्या समुद्रात निघालेल्या जहाजाच्या फेरीचा, प्रकार. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरलेली जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅरिबियनकडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. अलास्काची जहाजं सप्टेंबरच्या सुमारास व्हँकुव्हर-सिएटल सोडतात. कुणी हवाईला जातं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आशियात. जहाजाला जायचंच असतं, म्हणून रात्रीमागचा दर उतरतो.

पण दर कमी म्हणजे जहाज रिकामं, हा समज आधी काढून टाका. शाळा चालू असल्यानं मुलंबाळं कमी असतात हे खरं. मात्र निवृत्त, सरावलेले प्रवासी वर्षभर आधीच जागा धरून बसतात, कारण एका जहाजाची अशी फेरी हंगामात एकदाच असते. आमच्या तिन्ही वेळी स्वीट (सगळ्यात मोठ्या, महागड्या केबिन) आणि जहाजाच्या मधल्या भागातल्या बाल्कनीवाल्या केबिन सगळ्यात आधी गेल्या. बिनखिडकीच्या आतल्या केबिन शेवटपर्यंत दिसत होत्या. म्हणजे जहाजात दोनशे केबिन रिकाम्या असल्या तरी त्यात बाल्कनी किती, हे बघायचं. आतल्या केबिन कितीही उरल्या तरी तुम्हाला वर सरकायला त्यांचा काही उपयोग नाही.

हे बघायचं कसं? कंपनीच्या संकेतस्थळावर खोटं बुकिंग सुरू करा. दोन प्रवासी भरा, केबिनचा प्रकार निवडा आणि डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्याच्या, नकाशापर्यंत जा. मोकळे नंबर दिसतील. पैसे भरण्याआधी बाहेर पडा. मी वहीत तारीख घालून प्रत्येक प्रकारचे नंबर लिहिते. काही संकेतस्थळं मोजकेच नंबर दाखवतात, म्हणून एकदा बघून निष्कर्ष काढू नका. दर आठवड्याला बघा.

सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे उरलेली पूर्ण रक्कम भरायची मुदत. कंपनी आणि फेरीच्या लांबीप्रमाणे ती निघण्याआधी साधारण तीन-चार महिने असते. आमच्याकडे चार्ट तयार होतो ना, तशी ही वेळ. नुसती अनामत भरून जागा अडवलेले लोक या सुमारास गळतात आणि त्यांच्या केबिन परत विक्रीला येतात. मुदतीच्या आदल्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात रोज नकाशा बघा. मुदतीआधी दर उतरला, तर बरेचदा नव्या दरानं बुकिंग बदलून मिळतं; नंतर ते जवळपास बंद होतं.

भारतातून जाणाऱ्यांना एक सांगते. अगदी शेवटच्या आठवड्यातल्या स्वस्त केबिनची वाट बघणं, शेंगेन आणि अमेरिका हे दोन्ही व्हिसा हातात असतील तरच परवडतं. नाहीतर आधी केबिन घ्या.

आता गॅरंटी केबिन. यात तुम्ही प्रकाराचे पैसे भरता, नंबर कंपनी देते. किमान तोच प्रकार मिळतो, कधी वरचाही. दर थोडा कमी असतो. पण कंपनी देईल ती जागा घ्यावी लागते. दुसऱ्या फेरीत आम्हाला अगदी पुढच्या टोकाची केबिन आली. अटलांटिकमधली अझोर्स बेटं मागे पडल्यावर समुद्र खवळला आणि यांनी दोन दिवस फक्त भात-दह्यावर काढले. ज्याला बोट लागते, त्यानं गॅरंटी घेऊ नये. खालच्या डेकची मधली केबिन नंबर बघून घ्यावी.

अपग्रेड फुकट मिळेल असं धरून चालू नका. आपल्या रेल्वेत चार्ट लागताना ऑटो अपग्रेड होतं, त्याला जादा पैसे पडत नाहीत. जहाजावर हल्ली वरच्या केबिनसाठी बोली लावायची असते. रॉयल कॅरिबियन कंपनीचं रॉयलअप, नॉर्वेजियन कंपनीचं अपग्रेड अ‍ॅडव्हांटेज या अशाच बोलीच्या योजना. ईमेलनं निमंत्रण येतं, वरच्या प्रकारांसाठी किमान रक्कम दाखवतात. तो आकडा माणशी असतो हे विसरू नका. दीडशे डॉलर लिहिलं तर दोघांचे तीनशे, आणि एकट्या प्रवाशालाही बहुधा दोघांचेच भरावे लागतात. बोली मान्य होईपर्यंत बदलता किंवा मागे घेता येते. मान्य झाली की पैसे गेले.

माझी पद्धत अशी. बुकिंग करताना दोन प्रकारांतला फरक वहीत लिहून ठेवते. समजा आतली केबिन आणि बाल्कनी यात दोघांचे मिळून सहाशेचा फरक होता, तर माझी बोली एकूण तीनशेच्या वर जात नाही. त्याहून जास्त द्यायची तयारी असेल, तर बाल्कनी सुरुवातीलाच आपल्या पसंतीचा नंबर बघून घ्यावी. बोलीत जागा निवडता येत नाही. मधली केबिन सोडून टोकाची बाल्कनी, किंवा पूल डेकच्या थेट खालची, जिथे पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, ती पदरात पडू शकते. शेजारच्या केबिनमध्ये नातलग असतील तर ताटातूटही होते. म्हणून मी मूळ केबिन अशी घेते, की अपग्रेड झालंच नाही तरी चौदा रात्री नीट झोप लागेल.

पहिल्या वेळी आम्हाला निमंत्रणच आलं नाही. एजंटनं बुकिंगवर स्वतःचा ईमेल टाकला होता. तो पत्ता तुमचाच आहे, हे पैसे भरतानाच तपासा.

बाल्कनीच घेणार असाल तर बाजूही बघा. नोव्हेंबरात पश्चिमेकडे जाताना जहाजाची डावी बाजू दक्षिणेला असते, तिथे दिवसभर ऊन मिळतं. वसंतात युरोपकडे परतताना तेच ऊन उजवीकडे येतं. लाइफबोटीमागची केबिन असेल तर नकाशात तशी खूण असते. तिचा दर थोडा कमी असतो, आणि आतल्या केबिनपेक्षा मला ती केव्हाही चालते, कारण सकाळ झाल्याचं डोळ्यांना कळतं.