शाळेच्या परसबागेत भुईमूग: पेरणीपासून ताटापर्यंत

शाळेच्या किंवा वस्तीच्या सामायिक परसबागेत मुलांना अन्न कुठून येते हे शिकवायचे असेल, तर दहा भाज्यांची गर्दी करण्यापेक्षा एकच पीक पेरणीपासून ताटापर्यंत मुलांच्या हातून न्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी भुईमुगासारखे दुसरे पीक नाही. पोहे, खिचडी, चटणी असे रोजच्या जेवणात मुले शेंगदाणे खातात. पण ते फांदीला लटकतात की मुळाशी लागतात, हे नेमके सांगणारी मुले आता गावातही कमीच आढळतात.

या पिकाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळते. जूनच्या अखेरीस, चांगली ओल झाल्यावर पेरलेला भुईमूग साधारण 100 ते 120 दिवसांत तयार होतो, त्यामुळे बहुतेक वर्षी काढणी दिवाळीच्या सुट्टीआधीच मुलांसमोर होते आणि सुट्टीत पाणी कोण घालणार हा प्रश्न उरत नाही.

जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी निवडावी. चिकट काळ्या मातीत उपटताना शेंगा आतच तुटून राहतात, म्हणून अशा ठिकाणी वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळून उंच वाफे करावेत. शहरात आवार नसल्यास फूटभर खोल, तळाला छिद्रे असलेल्या रुंद पिशव्याही चालतात. बियाणे कच्चे, न भाजलेले आणि लाल साल शाबूत असलेले हवे. शेंगा पेरणीच्या तोंडावरच मुलांकडून फोडून घ्याव्यात. दोन ओळींत 30 सेंटीमीटर आणि दोन दाण्यांत 10 ते 15 सेंटीमीटर अंतर ठेवून दाणा सुमारे 5 सेंटीमीटर खोल टाकावा. वाट पाहण्याचा कंटाळा येणाऱ्या लहान मुलांसाठी शेजारच्या वाफ्यात मेथी पेरावी. ती महिन्याभरात खुडायला येते.

खरा धडा साधारण महिन्याभराने, पिवळी फुले दिसू लागली की सुरू होतो. फूल दुसऱ्या दिवशी कोमेजते, आणि काही दिवसांनी त्याच जागेवरून जांभळट, सुईसारखी टोकदार आरी निघून खाली वाकते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी अंधारात शेंग धरते. मुलांनी एखाद्या आरीजवळ रंगीत दोरा बांधून ती मातीला कधी टेकली, याची वहीत तारखेसह नोंद ठेवावी. आऱ्या मातीत जाण्यापूर्वी तण काढून बुंध्याला भुसभुशीत मातीची भर द्यावी. त्यानंतर मात्र खुरपे चालवू नये आणि मुलांना वाफ्यात पाय ठेवू देऊ नये, हा नियम कडकपणे पाळावा, कारण दुखावलेल्या आरीला शेंग धरत नाही. याच सुमारास एक रोप मुद्दाम उपटून मुळांवरच्या बारीक गाठी दाखवाव्यात. गाठ नखाने चिरली आणि आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले जिवाणू हवेतील नत्र रोपाला मिळवून देत आहेत, असे समजावे.

पाने पिवळी पडू लागली की एक-दोन शेंगा काढून फोडाव्यात. टरफल आतून काळपट झालेले असेल, तर पीक तयार आहे. काढणीला गावातील किंवा वस्तीतील शेती केलेल्या आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे. उपटण्याचा योग्य हिसका आणि शेंगा झोडपण्याची रीत त्यांच्या हातातून मुलांना जशी कळते, तशी फळ्यावरून कळत नाही.

खाण्याचा दिवस वगळू नये. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे पालकांकडून लेखी विचारून घ्यावे. ते पेरणीआधीच केलेले उत्तम, कारण तशी मुले असतील तर त्या वर्षी चवळी पेरता येते. ओल्या शेंगा स्वच्छ धुऊन मिठाच्या पाण्यात उकडाव्यात. राहिलेल्या शेंगा कडक उन्हात वाळवून, त्यांचे कूट शाळेतील पोषण आहाराच्या भाजीत स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडून वापरून घ्यावे. बुरशी आलेली किंवा कुबट वास येणारी शेंग विषारी असू शकते, म्हणून ती भाजूनही वापरू नये; टाकून द्यावी.

सर्वांत भरदार शेंगा मुलांनी स्वतः निवडून, न फोडता, कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवाव्यात. पुढच्या जूनचे बियाणे तेच. पेरताना मात्र वाफा बदलावा, आणि भुईमुगाच्या जुन्या जागेवर पालक किंवा मुळा घ्यावा.