सळई घसरतेय? भार मोजणाऱ्या लोडसेलला हात लावण्याआधी ग्रिप बघा

यूटीएमवर (ताण-दाब तपासणारं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) टीएमटी म्हणजे बांधकामाची रिबवाली सळई ताणताना भाराच्या आलेखाला करवतीसारखे दाते आले, की नवखा ऑपरेटर लगेच कॅलिब्रेशनवाल्याला फोन लावतो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, सळई ग्रिपच्या जबड्यात घसरत असते.

१६ मिमीची फे ५००डी (सळईच्या ताकदीची एक प्रत) सळई घ्या. क्षेत्रफळ २०१ चौ. मिमी, म्हणजे किमान ५६५ मेगापास्कल ताणशक्तीला सुमारे ११४ किलोन्यूटन लागणार. ६०-७० पर्यंत रेघ सरळ जाते, मग 'टक्' आवाज होतो, भार चार-पाच किलोन्यूटननं पडतो आणि पुन्हा चढतो. सळई बाहेर काढा: रिबांवर ओरखडे लांबलेले असतात आणि जबड्याच्या दातांत काळी पापडी गच्च बसलेली असते. ती फडक्यानं निघत नाही. दर पाच-सहा सळयांनंतर दातांच्या खाचांतून वायर ब्रश फिरवायचा.

एवढं करूनही घसरली तर जबड्याची पाठ बघा. जबडा पाचरीच्या आकाराचा असतो; ओढ वाढेल तशी ही पाचर आत सरकून पकड घट्ट होते, पण पाठ कोरडी असली तर पाचर अडकते. मग ओढ वाढत राहते, पकड तिथंच. जुनं ग्रीस पुसून पाठीला मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ हात द्या. फक्त पाठीला! घाईत दातांनाही तेल चोपडणारे महाभाग कमी नाहीत.

दुसरा रोग चुकीच्या मापाच्या जबड्याचा. जबड्यावर मापाची मर्यादा कोरलेली असते, ती वाचायला दोन सेकंद लागतात. १०-२५ च्या जबड्यात ८ ची सळई घातली की पाचर तोंडाबाहेर डोकावते. बाहेरच्या भागाला पाठीमागे आधार नसतो आणि दाते तिथंच उडतात. काही जण एका बाजूला पत्र्याचा तुकडा सारून वेळ मारून नेतात. त्यानं सळई मध्यरेषेवरून सरकते, ताणाबरोबर वाकते आणि जबड्यापाशी तुटते. सळई जबड्याच्या किमान तीन चतुर्थांश लांबीत बसलीच पाहिजे, वर आणि खाली सारखी. तुकडा आखूड असेल तर नवा कापून आणा.

गोल सळईला व्ही खाचेचा जबडा, पट्टीला सपाट. अदलाबदल नको.

भाराचा आकडा शून्य कधी करायचा? हायड्रॉलिक मशीनवर टेबल थोडं उचलून, दोन्ही टोकं आवळण्याआधी. आवळल्यावर दिसणारा भार शून्य करून लपवला तर तेवढा प्रत्येक आकड्यातून गायब होतो.

सळईची वाढ क्रॉसहेडच्या (मशीनच्या आडव्या तुळईच्या) सरकण्यावरून काढू नका. ८० मिमी गेज लांबीवर (ताणण्याआधी सळईवर केलेल्या दोन खुणांमधलं अंतर) ३ मिमी घसरण म्हणजे पावणेचार टक्के फुकटची वाढ. तुटलेले तुकडे नीट जुळवून खुणांमधलं अंतर मोजा.

बारीक तार दातेरी जबड्यात चिरडते. तिला गुंडाळून धरणारी ग्रिप लावा. रबराच्या डंबेल नमुन्याला आपोआप आवळणारी रोलर ग्रिप बरी, कारण ताणताना रबर पातळ होतं.

काँक्रीटचा क्यूब दाबताना वरच्या गोलाकार बैठकीत घट्ट ग्रीस भरू नका. तिथं साधं इंजिन ऑइल, तेही थोडंच.