नायट्रो गाडीचं इंजिन मुंबईच्या हवेत कसं सेट करायचं आणि कसं टिकवायचं

माझं पहिलं नायट्रो इंजिन, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या छोट्या मॉडेल गाडीचं इंजिन, पळून पळून नाही गेलं, माळ्यावर पडून गेलं. जूनच्या पहिल्या पावसात गाडी ग्राउंडवरून आणली तशीच पिशवीत घालून वर टाकली आणि गणपतीत खाली काढली तर फ्लायव्हील हलेना, उघडून बघितलं तर मागचं बेअरिंग तांबूस होऊन अडकलेलं आणि क्रँकवर पण गंजाचे डाग. खूप वाईट वाटलं कारण पाच मिनिटांचं काम केलं असतं तर ते इंजिन वाचलं असतं. म्हणून सेटिंगबद्दल तर सांगतोच, पण गाडी बंद केल्यावर काय करायचं ते नीट वाचा, मुंबईत तेच जास्त महत्त्वाचं आहे.

आधी इंजिन काय आहे ते थोडक्यात. हे टू स्ट्रोक आहे, स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो, त्याच्या आत प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरू करताना इग्नायटरने ती तापवायची, मग मिथेनॉल आणि प्लॅटिनमच्या रिॲक्शनने आणि जळण्याच्या उष्णतेने ती स्वतःच लाल राहते. फ्युएलमध्ये मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल असतं, आणि इंजिनाला वंगण मिळतं ते फक्त या ऑइलमधूनच, वेगळी ऑइलची टाकी नाही. म्हणजे फ्युएल कमी पडलं तर ऑइल पण कमी पडलं, इंजिन एकदम गरम आणि कोरडं. लीन, म्हणजे फ्युएल कमी ठेवून, चालवू नका असं सगळे म्हणतात ते याच्यासाठी. आणि पेट्रोल चुकूनही टाकायचं नाही.

पिस्टनला बहुतेक इंजिनांत रिंग नसते. स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या बाजूला किंचित निमुळती असते, थंड असताना पिस्टन वर जाऊन घट्ट बसतो आणि गरम झाल्यावर स्लीव्ह फुलून बरोबर फिट होते. त्यामुळे नवीन इंजिन थंडपणी अडकलं तर पुल स्टार्ट जोरात खेचू नका, दोरी तुटेल नाहीतर कनेक्टिंग रॉडवर ताण येईल. हेअर ड्रायरने हेड चांगलं गरम करा, हाताला चटका बसेल इतकं, मग सुरू करा. पहिल्या चार-पाच टाक्या रिच, म्हणजे फ्युएल जास्त ठेवून, पूर्ण थ्रॉटल न देता, मध्येमध्ये थंड होऊ देत चालवा, बाकी तुमच्या मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच करा, ते इंजिन ज्याने बनवलं त्याला जास्त माहीत.

आता सेटिंग. कार्बवर, म्हणजे कार्ब्युरेटरवर, तीन गोष्टी फिरतात, हाय स्पीड निडल, लो स्पीड निडल आणि आयडल स्क्रू. दोन्ही निडल उजवीकडे फिरवलं की लीन म्हणजे फ्युएल कमी, डावीकडे फिरवलं की रिच म्हणजे फ्युएल जास्त. काही हात लावायच्या आधी आत्ता निडल कुठे आहे ते मार्करने खूण करून किंवा फोटो काढून ठेवा. सेटिंग बिघडलं आणि कुठून कुठे आलो तेच कळत नाही अशी वेळ प्रत्येकावर येते, तेव्हा मॅन्युअलमधल्या कंपनी सेटिंगला परत जायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

थंड इंजिनावर सेटिंग करायचं नाही. दोन-तीन मिनिटं फिरवून गरम करा. मग पहिलं हाय स्पीड. सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलने गाडी सोडा आणि मागचा धूर बघा, आवाज ऐका. रिच असेल तर आवाज घोगरा, गाडी जड, धूर भरपूर, लीन असेल तर आवाज चिरका, धूर जवळजवळ नाही आणि पट्ट्याच्या शेवटी गाडीचा दम अचानक जातो. तुम्हाला मधलं पाहिजे, पूर्ण वेगात पण निळसर धुराची बारीक रेघ मागे दिसलीच पाहिजे. निडल एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढं फिरवा, म्हणजे पूर्ण फेऱ्याचा बारावा भाग, मग गाडीच्या दोन-तीन फेऱ्या मारा आणि परत बघा. घाई केली की इथेच इंजिन जळतं. थोडा अजून वेग मिळतोय म्हणून अजून एक तास फिरवावासा वाटतो, तिथे थांबायचं आणि उलट एक तास रिच करायचं, पिकअप जाईल थोडा पण इंजिन महिनोन् महिने चालेल.

मग लो स्पीड. गाडी वीस-तीस सेकंद आयडलवर उभी ठेवा आणि एकदम थ्रॉटल द्या. खूप धूर काढत गुरगुरत निघाली तर लो स्पीड रिच आहे, धूर न काढता खोकून बंद पडली तर लीन. खात्री करायला कार्बजवळची फ्युएलची नळी चिमटीत दाबून बघा, इंजिन तीन-चार सेकंद चालून, किंचित आवाज वाढवून बंद पडलं तर बरोबर, लगेच बंद पडलं तर लीन, आणि बराच वेळ चालत राहून आवाज खूप वाढला तर रिच. हे करताना दुसऱ्या हाताने गाडीची चाकं उचलून धरा. लो स्पीड लीन केलं की आयडल वाढतो, क्लच पकडून गाडी आपोआप पुढे सरकायला लागते, मग आयडल स्क्रूने तो खाली आणा. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता तसाच वर लटकत राहतो का? लो स्पीड लीन आहे किंवा कुठूनतरी हवा आत जातेय. बऱ्याच जणांना निडल फिरवून फिरवून सेटिंग सापडत नाही त्याचं कारण हेच असतं. कार्बच्या बुडाची ओ रिंग, बॅकप्लेट, फ्युएलच्या नळीतली बारीक भेग, टाकीच्या झाकणाची रिंग आणि एक्झॉस्ट पाइपमधून टाकीत जाणारी प्रेशरची नळी, हे सगळं आधी बघा.

टेम्परेचरसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळतो. गाडी जोरात पळवून थांबवल्या थांबवल्या वरून ग्लो प्लगच्या दिशेने धरायचा. साधारण १०० ते १२० डिग्री सेल्सियस ठीक, १३० च्या वर गेलं की लगेच रिच करा. आणि ८० वर चालवणं पण चांगलं नाही, स्लीव्ह पूर्ण फुलत नाही आणि पिस्टन वर घासत राहतो. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका, तीन-चार सेकंदात उकळून उडाला तर ठीक, चर्र करून पडल्या पडल्या उडाला तर जास्त गरम आहे. पण आकड्याच्या आधी धूर आणि आवाज, आकडा नंतर.

मुंबईत हवा बदलली की सेटिंग बदलतं. मे महिन्यात दुपारी हवा गरम आणि दमट, तिच्यात ऑक्सिजन कमी, त्यामुळे तेच सेटिंग थोडं रिच होतं. जानेवारीत सकाळी सातला हवा थंड आणि कोरडी, तीच गाडी लीन होते, आणि धोका हिवाळ्यातच जास्त कारण हात लावायला इंजिन फार गरम वाटत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. थंडीच्या पहिल्या रविवारी सुरू करायच्या आधीच हाय स्पीड निडल घड्याळाच्या एक-दोन तासांएवढं रिच करून टाका. फ्युएल बदललं तरी तेच, नायट्रो १६ टक्क्यांवरून २५ वर गेलात तर निडल रिच करावं लागतं, म्हणून शक्यतो एकच फ्युएल वापरा.

कुठे चालवायची तर सोसायटीत नाही, आवाज आणि धूर दोन्ही लोकांना त्रास देतात. शिवाजी पार्क तर २०१० मध्ये सायलेन्स झोन जाहीर झालं होतं. नवी मुंबईत मोकळे प्लॉट मिळतात, परवानगी विचारून जा. फ्युएलचा कॅन घेऊन लोकलने जाऊ नका, ज्वलनशील वस्तू नेणं गुन्हा आहे आणि त्या गर्दीत कॅन सांडला तर काय होईल. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात, लहान मुलं घरात असतील तर कपाटाला कुलूप.

आता मुख्य काम. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, नायट्रो जळून जे उरतं ते ॲसिडिक असतं, आणि जुलैत आपल्याकडे हवेत ओल ८० टक्क्यांच्या वर, हे तिन्ही एकत्र आले की बेअरिंगचं काही खरं नाही. म्हणून दिवसाची शेवटची टाकी झाली की टाकी रिकामी करा, इंजिन परत सुरू करून नळीतलं फ्युएल संपून आपोआप बंद पडू द्या. इग्नायटर लावून अजून एक-दोनदा प्रयत्न करा म्हणजे आतलं सगळं जळून जातं. प्लग काढा, प्लगच्या भोकात चार-पाच थेंब आफ्टर रन ऑइल (गाडी बंद केल्यावर गंज टाळायला टाकायचं ऑइल), कार्बच्या तोंडातून तेवढंच, आणि दहा-बारा वेळा पुल स्टार्ट ओढा. आफ्टर रन ऑइल नसेल तर एअर टूलचं ऑइल चालतं, नागदेवी स्ट्रीटला मिळतं, आणि तिथे गेलाच आहात तर बेअरिंग आणि ओ रिंग पण माप दाखवून घेऊन या. मग पिस्टन खाली आणून ठेवा, वर अडकलेल्या अवस्थेत थंड होऊ देऊ नका. पिस्टन खाली असताना फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण करून ठेवा, दर वेळी प्लग काढून बघायला नको.

जून ते सप्टेंबर गाडी पळणार नसेल तर कार्ब आणि पाइपचं तोंड बंद करा, इंजिन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून दोन थेंब ऑइल टाकून फिरवा. मी दर दुसऱ्या रविवारी चहाच्या आधी करतो. फ्युएलच्या कॅनचं झाकण प्रत्येक वेळी लगेच घट्ट लावा, ऊन लागू देऊ नका, आणि पावसाळाभर अर्धा राहिलेला कॅन पुढच्या सीझनला चांगल्या इंजिनात टाकू नका.

एअर फिल्टर प्रत्येक आउटिंगनंतर बघा. जिकडे तिकडे बांधकामं चालू आहेत, त्या सिमेंटच्या धुळीचा एक कण आत गेला तरी स्लीव्हवर ओरखडा. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल टाकून प्लास्टिकच्या पिशवीत चोळा म्हणजे सगळीकडे सारखं बसतं, आणि फिल्टरच्या मानेला टाय नीट आवळा.

प्लग काढाल तेव्हा तार बघा. चमकदार आणि ओली असेल तर रिच, पांढरट करडी आणि वेडीवाकडी झाली असेल तर लीन. ग्राउंडवर जाताना दोन प्लग खिशात पाहिजेतच. इंजिन फ्लड होऊन, म्हणजे आत फ्युएल साठून, दोरी अडकली तर ओढू नका, प्लग काढा, गाडी उलटी करा, फडकं धरून दोरी ओढून फ्युएल बाहेर काढा. आणि प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवल्यावर करकर लागली तर त्या दिवशी गाडी सुरू करू नका, मागचं बेअरिंग आधी बदला, ते फुटलं तर त्याचे तुकडे पिस्टन आणि स्लीव्ह दोन्ही घेऊन जातात.