वाटणी न झालेलं रान: टेक्सासच्या ख्रिस्ती कॅम्पवर काउन्सेलर म्हणून जाताना

दर वर्षी नाताळाच्या आसपास दोन-चार जणांचे फोन येतातच. "ताई, तू त्या अमेरिकेतल्या रँचवर गेली होतीस ना? कसं जायचं? किती मिळतात?" बहुतेक आमच्या नगरकडचे, ख्रिस्ती मंडळीतले, अधूनमधून एखादा पुण्या-मुंबईचा. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते. रँच म्हणजे गुरं-घोडे पाळायचं मोठं रान, कॅम्प म्हणजे तिथे भरणारं मुलांचं निवासी सुट्टी-शिबिर, आणि काउन्सेलर म्हणजे मुलांच्या एका गटासोबत राहून त्यांना सांभाळणारी ताई किंवा दादा.

पैशाचं आधी उरकते. राहणं-खाणं कॅम्पचं, वर हंगामाची एक ठरलेली रक्कम. माझी विमानाच्या तिकिटात आणि परत येताना घेतलेल्या बुटांत जिरली. गाठीला पैसा बांधायचा असेल तर दुसरं काही बघा.

मी २०२३ च्या उन्हाळ्यात गेले. सॅन अँटोनियोच्या वायव्येला जो डोंगराळ पट्टा आहे, ज्याला तिकडे हिल कंट्री म्हणतात, तिथे. चुनखडीचे टेकाड, खुरटे ओक, सीडरची झुडपं आणि मधूनच एखादी इतकी निवळ नदी की तळाचे गोटे मोजावेत. रँच एकाच घराण्याची. नाव देत नाही, कारण पुढे त्यांच्या घरातल्या गोष्टी येणार आहेत.

व्हिसा जे-१, म्हणजे सांस्कृतिक देवाणघेवाणीचा, त्यातला कॅम्प काउन्सेलरचा प्रकार. वय निदान १८, इंग्रजी बोलता यायला हवं, आणि मुक्काम जास्तीत जास्त चार महिने. मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था डीएस-२०१९ नावाचा कागद पाठवते; त्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीचं पान हलत नाही. सेव्हिस म्हणजे अशा परदेशी पाहुण्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा; तिची फी बाकीच्या बहुतेक जे-१ वाल्यांना २२० डॉलर असते, कॅम्पवाल्यांना फक्त ३५. माझ्या एजंटाने २२० चा हिशेब लावला होता. पावती मागितल्यावर गडी नरमला. तिकडे पोचल्यावर पगाराची पहिली चिठ्ठीही नीट वाचा. जे-१ वरच्या परदेशी काउन्सेलरकडून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (तिकडच्या पेन्शनचा आणि म्हातारपणच्या औषधपाण्याचा) कर कापत नाहीत. माझा कापला होता. सांगितल्यावर हिशेबाच्या बाईंनी चार वेळा 'सॉरी, हनी' म्हणत परत केला.

आता खरा मुद्दा. अर्जात एक पान श्रद्धेबद्दल असतं. 'आम्ही हे हे मानतो' अशी यादी, खाली तुमची सही. सोबत पाळकाचं पत्र आणि तुमची साक्ष: प्रभूकडे कशा वळलात, कधी वळलात. त्याच एजंटाने मला सांगितलं होतं, "ते फॉर्मपुरतं असतं हो, भरून टाका काहीतरी." ते फॉर्मपुरतं नसतं. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना आपल्याच श्रद्धेची माणसं नेमण्याची मुभा दिली आहे, आणि असे कॅम्प ती पुरेपूर वापरतात. एका हिंदू मैत्रिणीने विचारलं होतं, मी सही ठोकून जाऊ का? मी सरळ नाही म्हटलं. रोज सकाळी आठ मुलींना शास्त्रातला उतारा समजावून सांगायचा आणि रात्री त्यांच्यासोबत प्रार्थना करायची, हेच काम आहे. दहा आठवडे ते सोंग कुणालाच झेपणार नाही. अमेरिकेत धर्माशी संबंध नसलेले कॅम्प ढिगाने आहेत, त्यांच्याकडे अर्ज करावा.

माझी स्वतःचीही इथे गोची झालीच. साक्ष लिहायला बसले आणि पेन अडलं. त्यांना हवी होती एखादी तारीख, एखादी रात्र. मी जन्मापासून देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) वाढलेली. आमच्याकडे 'वळले' ते पणजोबा, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात, आणि त्यासाठी त्यांना गावकीच्या विहिरीवरून हुसकलं होतं. शेवटी मी तेच लिहिलं: माझी साक्ष पणजोबांपासून सुरू होते. वाटलं, गेला अर्ज. पुढे कळलं, त्याच ओळीमुळे मला घेतलं होतं.

कारण ती माणसंही तसाच विचार करतात. हिल कंट्रीतले असे बरेच कॅम्प म्हणजे एखाद्या घराचा नवस असतो आणि तो पुढच्या पिढ्या फेडत असतात. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण बट घराण्याचं. फ्लॉरेन्स बट या बाईंचा नवरा क्षयाने आजारी. कोरड्या हवेसाठी कुटुंब कर्व्हिलला आलं, आणि १९०५ मध्ये बाईंनी ६० डॉलरवर किराणा मालाचं दुकान टाकलं. त्याचीच पुढे एच-ई-बी ही दुकानांची साखळी झाली. आज टेक्सासमध्ये दूध-पाव घ्यायला निघालेला माणूस बहुधा तिथेच जातो. मुलगा हॉवर्ड आणि सून मेरी यांनी १९३३ मध्ये धर्मादाय संस्था काढली आणि १९५४ मध्ये लेकी गावाच्या उत्तरेला, फ्रिओ नदीच्या घळीत १९०० एकरांची रँच घेतली. नफ्यासाठी नाही, ज्यांना परवडत नाही अशा मुलांच्या गटांना निसर्गात राहता यावं म्हणून. तिथे जाताना रस्ता चक्क नदीत उतरतो आणि गाडी काही अंतर पात्रातूनच चालवावी लागते.

मला त्यातला थोरला नातू भावला, हॉवर्ड बट ज्युनियर. धंदा त्याच्याकडे जायचा होता. त्याने तो सोडला, धाकटा भाऊ चार्ल्स १९७१ मध्ये कंपनीचा प्रमुख झाला, आणि थोरल्याने त्याच घळीत १९६१ साली सुरू झालेल्या लेइटी लॉजला वाहून घेतलं. लेइटी म्हणजे पाळक नसलेली, साधी संसारी मंडळी. दुकानात बसणाऱ्याचं कामही सेवाच, हे त्याचं सांगणं. स्वतःच्या नैराश्याबद्दलही तो चारचौघांत बोलायचा, जे त्या पिढीतल्या धार्मिक माणसासाठी सोपं नसणार. तिथे आजही तरुणांचे कॅम्प भरतात. मी तिथे नव्हते; पण आमच्या रँचवर दर दुसऱ्या गोष्टीत 'बट मंडळींनी असं केलं, तसं केलं' असायचंच, आपल्याकडे गावोगाव एका मोठ्या वाड्याचं नाव घेतात तसं.

आमची रँच त्यामानाने लहान. मूळ धंदा अंगोरा शेळ्यांचा, म्हणजे त्यांच्या लोकरीचा, मोहेरचा. १९५० ते १९५७ टेक्सासला जो दुष्काळ पडला त्यात कळप गेला. त्या वर्षांत त्या घरातली पणजी ओसरीवर चर्चच्या पोरांना बोलावून शास्त्र शिकवायची, कारण घरात द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. पाऊस परतला तसा कळपही परतला, पण पोरं यायची थांबली नाहीत. मोहेरला सरकारी अनुदान होतं, तेही १९९५ नंतर बंद झालं. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी, म्हणजे आजोबांनी (मी मनात त्यांना आजोबाच म्हणते, तोंडावर 'सर') शेळ्या विकल्या आणि कातरणीची शेड धुऊन काढून तिचा जेवणाचा हॉल केला. दुपारी पत्रा तापला की त्या हॉलच्या लाकडी फळ्यांतून अजून लोकरीच्या तेलाचा वास येतो. पहिल्या दिवशी मला मळमळलं. तिसऱ्या आठवड्यात त्या वासानेच भूक लागायला लागली.

नवख्यांना हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की तिथले नियम हँडबुकात असतात पण त्यांची कारणं घरात असतात. जेवताना काउन्सेलरने सगळ्यात शेवटी वाढून घ्यायचं, ते का? तर पणजी तशी जेवायची. रविवारी दुपारी घोड्याला खोगीर नाही, तर घोड्यालाही शब्बाथ, विसाव्याचा वार. एका कॉलेजच्या मुलाने या शेवटच्या नियमावर हसून शेरा मारला आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावणं आलं नाही. मला तो नियम आवडला होता, आणि मुलाला वगळणं आवडलं नव्हतं. दोन्ही एकाच घरातून येतं, हे ध्यानात घेऊन जा.

घोड्यांजवळ जाणार असाल तर एक गोष्ट. मला आजोबांनीच शिकवली. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा मुद्दाम पोट फुगवतो. आपल्याला वाटतं, बसला घट्ट. मग तो श्वास सोडतो, तंग सैल पडतो, आणि पाय रिकिबीत टाकला की खोगीर फिरून तुम्ही त्याच्या पोटाखाली. म्हणून आवळायचं, घोड्याला चार पावलं चालवायचं, तंगाखाली बोटं घालून बघायचं, पुन्हा आवळायचं. आजोबा पंचाहत्तरीचे, प्रत्येक मुलाचा तंग स्वतः तपासायचे, वाकताना गुडघे कटकट वाजायचे. मी म्हटलं, आम्ही बघतो ना. ते म्हणाले, "तू बघितलास हे मला माहीत आहे. आता मी बघतो."

बाकी दिवसभराचं थोडक्यात: सहाला उठणं, पारा ३८ पर्यंत, पाणी सतत. बूट घालण्याआधी झटका, विंचू निघतात. कुठल्याही मुलासोबत एकटं थांबायचं नाही, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवंच. एखादा कॅम्प हा नियम हसण्यावारी नेत असेल तर तो कॅम्प सोडा, मग घराणं कितीही देवभीरू असो. मुलांकडे फोन नसतात, घराची आठवण रात्री दहानंतर येते. माझ्या केबिनमधली एक नऊ वर्षांची मुलगी पहिल्या तीन रात्री उशीत तोंड खुपसून रडली. समजूत घालून काही होईना, तेव्हा मी तिला मराठी आकडे शिकवले. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत ती इतकी गुंतली की रडायचं राहिलंच. शेवटच्या गाण्याच्या रात्री मला माझ्या भाषेत गा म्हणाले, तेव्हा मी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा एक अभंग म्हटला. ती पुढच्या रांगेत बसून टाळीचा ठेका चुकवत होती.

आता पाणी. हे नीट वाचा. हिल कंट्रीत मातीचा थर पातळ, खाली कातळ, उतार तीव्र. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा या चढावर येऊन कोसळते तेव्हा पाणी मुरत नाही, सरळ नदीत येतं. १९८७ च्या जुलैमध्ये कम्फर्ट गावाजवळ एका चर्च कॅम्पहून घरी निघालेली मुलं पुरात सापडली, दहा जण गेले. आणि ४ जुलै २०२५ ला पहाटे ग्वाडालूप नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. १९२६ पासून चालत आलेल्या, कित्येक दशकं एकाच घराण्याने सांभाळलेल्या कॅम्प मिस्टिकमधल्या २७ मुली आणि काउन्सेलर त्यात गेल्या. कॅम्पचे मालकही गेले. मी इथे आमच्या घरी बसून बातमी बघत होते. त्या केबिन, ते बंक बेड, दोरीवरचे टॉवेल, सगळं ओळखीचं. नंतर टेक्सासने कायदा केला: पूररेषेच्या आत केबिन नकोत, आपत्कालीन आराखडा हवाच.

म्हणून मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. केबिन नदीपासून किती उंचावर आहेत? रात्री दोन वाजता इशारा आला तर मला कोण उठवणार, फोन नसेल तर कसं? मुलांना घेऊन कुठल्या वाटेने वर जायचं, आणि ती वाट पुराच्या नाल्यावरून तर जात नाही ना? 'आम्ही सत्तर वर्षं इथे आहोत, देवाची कृपा' एवढंच उत्तर मिळालं तर मी जाणार नाही. कृपा मीही मानते. वाट मात्र बघून ठेवते.

आमच्याकडे आजोबांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या काउन्सेलरांना रात्री झोपेतून उठवून टेकडीवर चढवलं होतं, विजेरीविना. वर पोचल्यावर मोजणी. आम्ही चरफडलो. आता नाही चरफडणार.

शेवटच्या आठवड्यात घरची माणसं जमली. बैठक हॉलमध्ये, दार उघडं, मी मागे भांडी विसळत होते. एका चुलतभावाला आपला वाटा विकायचा होता. ऑस्टिनच्या लोकांना तिथे फार्महाउस हवी असतात, भाव भरपूर येतो. आजोबांची मुलगी म्हणाली, जमीन ट्रस्टच्या नावे केली की हा प्रश्नच मिटेल. चुलतभाऊ म्हणाला, माझ्या पोरीचं कॉलेज कोण भरणार? कुणाचाच आवाज चढला नाही, सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थनाही झाली, आणि ठरलं काहीच नाही. मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आजोबा कुंपणाशी उभे होते. मी सांगितलं, आमचंही रान आहे, पणजोबांचं, सात-बाऱ्यावर सोळा नावं आहेत आणि माझ्या जन्माआधीपासून वाटणीचं बोलणं चाललं आहे. त्यांनी विचारलं, पणजोबांना विहिरीवरून हुसकलं होतं ना, मग पाण्याचं काय केलं?

"स्वतःची खणली."

"आणि वाटणी झाली तर ती कुणाला?"

"कुणालाच नाही. विहीर सामाईक असते."

तो शब्द त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितला. सामाईक. दोन-तीनदा घोळवला, 'स' मऊ आणि 'ई' लांबच लांब. मग घोडे आत घ्यायची वेळ झाली होती.